राक्षसाची कैफियत ऐकून घ्या : भयपट करणाऱ्यांना खुलं पत्र

भयपट लिहिणाऱ्या, दिग्दर्शित करणाऱ्या आणि त्यांत पैसा घालणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

१९३१ सालचा ‘फ्रँकेनस्टाइन’ सुरू होतो तेव्हा श्रेयनामावलीत राक्षसाच्या भूमिकेपुढे नटाचं नाव नसतं, नुसतं प्रश्नचिन्ह असतं. बोरिस कार्लॉफ हे नाव चित्रपट संपल्यावर येतं. ही कल्पना स्टुडिओला पहिल्यांदा सुचली असं नाही. १८२३ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर मेरी शेलीच्या मूळ कादंबरीचं नाटक लागलं, तेव्हाही पात्रांच्या यादीत त्याच्या जागी फक्त एक रेघ ओढलेली होती. मेरी शेली स्वतः ते नाटक बघायला गेली होती. ज्याला नावच नाही त्याला असं निनावी ठेवण्याची ही तऱ्हा तिला आवडली, असं तिने एका पत्रात लिहिलंय. पण त्या नाटकाने आणखी एक गोष्ट केली. त्याची वाचा काढून घेतली. पडद्यावर आलेला राक्षस मुका होता, तो शंभराहून जास्त वर्षं आधीच मुका झालेला होता.

मी हे पत्र त्या वाचेबद्दल लिहितेय.

फ्रँकेनस्टाइन हे राक्षसाचंच नाव, असं मीही पुष्कळ वर्षं समजत होते. सपाट डोकं, मानेच्या दोन्ही बाजूंना खिळे, जड पावलं, घशातली गुरगुर. हे रूप जॅक पिअर्स या मेकअपकाराचं. ते अजून कुणाला पुसता आलेलं नाही यातच त्याचं मोठेपण आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढे कादंबरी वाचली. तिथे खिळे नाहीत. आठ फूट उंची आहे, पिवळी कातडी आहे, काळेभोर चमकदार केस आणि पांढरेशुभ्र दात आहेत, कारण त्याला घडवणाऱ्या व्हिक्टर फ्रँकेनस्टाइनने अवयव निवडताना ते सुंदर असावेत अशीच काळजी घेतली होती. आणि तिथे तो बोलतो. एका कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून, भिंतीच्या फटीतून त्यांचं बोलणं ऐकत तो भाषा शिकतो. रानात सापडलेल्या पेटीतली पुस्तकं वाचतो: मिल्टनचं महाकाव्य, प्लुटार्कने लिहिलेली चरित्रं, गटेचा ‘वेर्थर’. मॉं ब्लांच्या पायथ्याच्या हिमनदीवर तो आपल्या निर्मात्याला गाठतो, तेव्हा त्याच्या नरड्याला हात घालत नाही. आधी माझं ऐकून घे, मग काय ठरवायचं ते ठरव, एवढंच मागतो. दोघं एका झोपडीत शेकोटीपाशी बसतात आणि कैफियत सुरू होते. सलग कित्येक प्रकरणं ज्याला सगळ्यांनी हाकललं त्याची बाजू, त्याच्याच तोंडून. कादंबरीचा गाभा हा आहे.

हे लिहायला घेतलं तेव्हा मेरी अठरा वर्षांची होती, हे सगळे कौतुकाने सांगतात. १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, १८१६ चा उन्हाळा त्याने गिळला, जिनिव्हा सरोवराकाठच्या घरात पावसाने अडकलेल्या मंडळींनी भुतांच्या गोष्टी लिहायचं ठरवलं, हा किस्साही तुम्हाला पाठ असेल. मला त्याहून महत्त्वाचं काही वेगळं वाटतं. मेरीच्या जन्मानंतर अकरा दिवसांत तिची आई गेली. १८१५ मध्ये मेरीची पहिली मुलगी दिवस भरायच्या आत जन्मली आणि थोड्याच दिवसांत दगावली. त्यानंतर तिला स्वप्न पडलं, की बाळ नुसतं गारठलं होतं, विस्तवापाशी धरून चोळलं आणि ते जगलं. तिने हे रोजनिशीत टिपून ठेवलंय. ते वाचल्यापासून मला ही कादंबरी विज्ञानाच्या गर्वाची गोष्ट म्हणून वाचताच येत नाही. व्हिक्टरचा अपराध प्रेतात प्राण घातल्याचा नाही. नोव्हेंबरातल्या एका उदास रात्री त्याने घडवलेल्या जिवाने डोळे उघडले आणि हा पळून गेला. जन्म दिला आणि पाठ फिरवली. अपराध तो.

१९३१ च्या चित्रपटाने या अपराधाची जागाच बदलली. तिथे मदतनिसाच्या हातून चांगल्या मेंदूची बरणी फुटते आणि तो गुन्हेगाराचा मेंदू उचलून आणतो. झालं. आता राक्षस मुळातच वाईट. त्याला कुणी टाकलं, कुणी हाकललं, हे विचारायची गरजच उरली नाही. तरीही तो चित्रपट आजवर टिकून आहे तो कार्लॉफच्या हातांमुळे. छताची झडप उघडते, उजेड खाली येतो, आणि तो दोन्ही हात वर करून तो उजेड धरू बघतो. झडप बंद होते. हात तसेच रिकामे. मी कितीही वेळा पाहिलं तरी तिथे माझा जीव तुटतो. पटकथेने मेंदूवर ढकललेला दोष त्या हातांनी पुन्हा जागच्या जागी आणून ठेवलाय. १९३५ च्या पुढच्या भागात आंधळा संन्यासी त्याला भाकर, दारू, मित्र असे चार शब्द शिकवतो, तेव्हा वाचा थोडी परत मिळते. एल्सा लँचेस्टरने त्या चित्रपटात सुरुवातीला मेरी शेलीचं आणि शेवटी राक्षसाच्या वधूचं, अशी दोन्ही कामं केली. त्या वधूला मात्र किंचाळणं आणि फिसकारणं एवढंच मिळालं. तिची पाळी यायला २०२३ उजाडावं लागलं. ‘पुअर थिंग्ज’मधली बेला शब्द शिकत जाते तसतशी तिला घडवणाऱ्याच्या हातून निसटत जाते. एमा स्टोनला त्यासाठी ऑस्कर मिळालं, पण मला आनंद झाला तो त्या वधूसाठी.

आता माझं म्हणणं सरळ सांगते. तुम्ही अनेकदा व्हिक्टरचीच चूक करता. महिनोन्‌महिने खपून राक्षस घडवता. त्याची कातडी, दात, चाल, सावली, सगळ्यांवर जीव ओतता. आणि तो डोळे उघडतो त्या क्षणी पाठ फिरवता. मग त्याच्याकडे एकच काम उरतं: अंधाऱ्या बोळातून तीनदा उडी मारायची, संगीताने कानठळ्या बसवायच्या, शेवटी जळून जायचं. आम्ही दचकतो. दचकणं आणि भिणं यांत फरक आहे. दचकण्याचा परिणाम दिवा लावला की जातो. भीती घरी येते, मानगुटीवर बसते, आणि ती तेव्हाच येते जेव्हा समोरच्या राक्षसाला काहीतरी हवं असतं आणि ते आपणही कधीतरी मागितलेलं असतं.

व्हॅम्पायरच्या बाबतीत तुम्ही पुष्कळ चांगलं काम केलंय, हेही सांगायला हवं. तिथे तुम्ही नियम जपलेत आणि गरज पडली तिथे नवे घडवलेत. उन्हाने व्हॅम्पायर मरतो हा नियम ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत नाही. तिथला काउंट भरदिवसा लंडनमध्ये फिरतो, आणि शेवटी मरतो तो लाकडी खुंटीने नव्हे तर दोन सुऱ्यांनी. ऊन आणलं १९२२ च्या ‘नोस्फेरातू’ने. स्टोकरच्या विधवेने त्या चित्रपटावर दावा लावला, न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला, तरी काही प्रती वाचल्या. आज पोरासोरांनाही व्हॅम्पायरबद्दल जे पहिलं माहीत असतं ते त्या वाचलेल्या प्रतींमधून आलंय.

पण माझा आवडता नियम उंबरठ्याचा. घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय तो आत येऊ शकत नाही. कादंबरीत हा नियम एखाद-दुसऱ्या वाक्यात येऊन जातो. २००८ च्या स्वीडिश ‘लेट द राइट वन इन’ने त्यावर अख्खा चित्रपट उभा केला. एकट्या पडलेल्या मुलाच्या दारात एली ही व्हॅम्पायर उभी असते. न बोलावता आत आलीस तर काय होईल, असं तो हट्टाने विचारतो. ती आत पाऊल टाकते आणि तिच्या अंगातून, डोळ्यांतून, कानांतून रक्त यायला लागतं. तो घाबरून ‘ये, ये’ म्हणतो. त्या एका दृश्यात राक्षस असणं म्हणजे काय ते सगळं आहे: दुसऱ्याने ये म्हटल्याशिवाय जगात जागा नसणं. २०२४ च्या ‘नोस्फेरातू’मध्ये एलेन एकटेपणात कुणाला तरी साद घालते, आणि ओ देतं ते हे पिशाच. तिथे आमंत्रण पहिल्याच दृश्यात दिलं गेलंय, उरलेला चित्रपट त्याची किंमत मोजतो. २०२५ च्या ‘सिनर्स’मध्ये तोच उंबरठा १९३२ च्या मिसिसिपीत येतो. कृष्णवर्णीयांनी स्वतःसाठी उभारलेली गाण्या-नाचण्याची एकच जागा, आणि दाराबाहेर गोड बोलून आत घ्या म्हणणारे. ते नुसतं रक्त मागत नाहीत, त्यांना तिथलं गाणंही हवंय. बदल्यात ते आपलेपणा देऊ करतात, आणि तो सगळाच्या सगळा खोटा नाही, हे त्या चित्रपटातलं सर्वांत अस्वस्थ करणारं. जुना नियम जसाच्या तसा ठेवून त्याचा अर्थ इतका बदलता येतो, याहून मोठा पुरावा मला नको.

लांडगामाणूस आणि ममी यांच्यावर मी फार लिहीत नाही. ममीला आजवर स्वतःचा आवाज असा मिळालाच नाही, ती कायम दुसऱ्याने उकरलेलीच राहिली. लांडगामाणसाबद्दल मात्र एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहिते. १९४१ च्या चित्रपटाची पटकथा कर्ट सिओडमाक या ज्यू लेखकाची, नाझी राजवट आल्यावर जर्मनी सोडून गेलेल्या माणसाची. त्या चित्रपटात पुढचा बळी कोण हे लांडग्याला तळहातावर उमटलेल्या ताऱ्यावरून कळतं. कालचे शेजारी आज लांडगे होतात आणि ताऱ्याची खूण बघून माणसं निवडतात. एवढं लक्षात आलं की तो चित्रपट पुन्हा पहिल्यासारखा बघता येत नाही.

अदृश्य माणसाकडे येते, कारण तिथे पैशांचाही प्रश्न आहे. २०१७ मध्ये एका मोठ्या स्टुडिओने आपल्या सगळ्या जुन्या राक्षसांना एकाच विश्वात गुंफायचं ठरवलं. ‘द ममी’ हा त्यातला पहिलाच चित्रपट पडला आणि ती योजना गुंडाळली गेली. त्याच स्टुडिओने २०२० मध्ये ‘द इन्व्हिजिबल मॅन’ प्रदर्शित केला, सुमारे ७० लाख डॉलरमध्ये केलेला, म्हणजे ‘ममी’च्या खर्चाचा अगदी छोटा तुकडा. तो चालला. का चालला? एच. जी. वेल्सच्या मूळ कादंबरीत आपण अदृश्य माणसाच्या मागे फिरतो. इथे दिग्दर्शकाने कॅमेरा त्याच्या तावडीतून सुटलेल्या बाईच्या हाती दिला. ती एका बाजूला उभी असते आणि कॅमेरा हळूच वळून रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहतो. तिथे काहीच नाही. जिने असा संसार सोसलाय तिला तो कोपरा ओळखीचा आहे. तो इथेच आहे असं ती सांगते आणि कुणाचाच विश्वास बसत नाही. या वेळी ऐकून घ्यायचं होतं ते राक्षसाचं नव्हे, तिचं. म्हणजे माझ्या मागणीला इथे मुरड पडते, हे मला मान्य आहे. काही राक्षसांनी आजवर फारच बोलून घेतलंय. कुणाची वाचा हिरावली गेलीय हे आधी बघा, मग माइक कुणाकडे द्यायचा ते ठरवा.

तसंच ‘द सब्स्टन्स’चं, २०२४ चा. औषध घेऊन एकाच माणसाची दोन रूपं होतात ती जेकिल आणि हाइडची १८८६ ची गोष्ट, पण आता औषध घेणारी आहे वय झालं म्हणून कामावरून काढलेली नटी. शेवटच्या अर्ध्या तासात रक्ताचे पाट वाहतात. मला त्याची भीती वाटली नाही. मला धडकी भरली ती आरशापुढच्या दृश्याने. ती कुणाला तरी भेटायला निघालीय, मेकअप करते, आरशात बघते, पुसते, पुन्हा करते, शेवटी ओरबाडून काढते आणि घरीच बसते. त्या दृश्यात कुणी राक्षस नाही. जेकिल मात्र पुरेपूर आहे.

गॉथिक, म्हणजे जुन्या वास्तूंतल्या भयकथांची परंपरा. तिच्यात नुसता राक्षस नसतो, घरही असतं. १७६४ च्या ‘कॅसल ऑफ ओट्रांटो’ या कादंबरीपासून घराच्या पोटात मालकाचं पाप दडलेलं असतं आणि ते वर येतंच. १९७९ च्या ‘एलियन’मध्ये किल्ल्याचं जहाज झालं, तळघराच्या जागी हवेचे बोगदे आले, आणि कपाटातल्या गुप्त कागदाच्या जागी संगणकातला हुकूम: प्राणी परत आणा, माणसं गेली तरी चालतील. तो प्राणी एक शब्द बोलत नाही आणि त्याने बोलू नयेच. पण घर कुणाचं आणि पाप कुणाचं हे चित्रपट स्पष्ट सांगतो. ‘गेट आउट’ने २०१७ मध्ये तळघर पुन्हा तळघरातच नेलं. सुशिक्षित, हसतमुख कुटुंब, खाली शस्त्रक्रियेची खोली, आणि मेंदू काढून दुसऱ्याच्या देहात बसवणारा डॉक्टर. फ्रँकेनस्टाइनची प्रयोगशाळा आहे ती. फक्त या खेपेला टेबलावर झोपवलेल्या माणसाला आपण आधीपासून ओळखतो.

एक घोटाळा आधीच दूर करते. राक्षसाचं ऐका म्हणजे त्याचं समर्थन करा, असं मी म्हणत नाही. त्याच्या लहानपणीचा अन्याय दाखवणारी वीस मिनिटं जोडा, असं तर मुळीच नाही. अलीकडे तुम्ही ती वाट फार धरता. २०१४ च्या ‘ड्रॅक्युला अनटोल्ड’मध्ये काउंट हा मुलासाठी आणि प्रजेसाठी शाप पत्करणारा राजा झाला. त्याचं दुःख समजलं, पण तो उरला कुठे? स्पष्टीकरण आम्ही देतो, कैफियत तो मांडतो. स्पष्टीकरणाने राक्षस लहान होतो, कारण सगळं कळून चुकतं. कैफियतीने तो मोठा होतो, कारण उत्तर आपल्याला द्यावं लागतं. कादंबरीतला तो प्राणी एका निष्पाप मुलाचा गळा घोटून आलेला आहे आणि तरीही त्याचा युक्तिवाद खोडता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं, हीच तर ती भीती.

आणि बोलणं म्हणजे संवादच हवेत असंही नाही. ‘द शेप ऑफ वॉटर’मधला पाण्यातला जीव बोलत नाही. त्याच्यावर प्रेम करणारी एलायझाही मुकीच आहे. दोघं हातांच्या खुणांनी बोलतात. १९५४ च्या ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’मधला तो जीव आणि ती बाई एकत्र यावेत असं या चित्रपटाचा दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो याला लहानपणी वाटलं होतं, हे त्याने पुष्कळदा सांगितलंय. त्या पोराने पडद्यावरच्या राक्षसाचं ऐकून घेतलं होतं म्हणून हा चित्रपट झाला. २०२५ मध्ये त्याने ‘फ्रँकेनस्टाइन’ केला तेव्हाही कहाणीचे दोन भाग पाडले. आधी व्हिक्टरची बाजू, मग त्याने घडवलेल्या जिवाची. शेवटी व्हिक्टर क्षमा मागतो, ते मला पटलं नाही. कादंबरीतला व्हिक्टर मरतानाही स्वतःला फारसा दोषी मानत नाही, आणि राक्षस त्याच्या प्रेतापाशी येऊन एकटाच आक्रोश करतो. मिळालेल्या क्षमेपेक्षा मला तो आक्रोश जास्त खरा वाटतो. पण दुसरा भाग सुरू झाला, तो स्वतःच्या शब्दांत बोलू लागला, तेव्हा मी अंधारात सावरून बसले. २०० वर्षांनी कुणीतरी त्या झोपडीतली शेकोटी पुन्हा पेटवली होती.

हे सगळं आज का लिहावंसं वाटलं, तर आपण पुन्हा बोलणाऱ्या वस्तू घडवायला लागलोय. १९८२ च्या ‘ब्लेड रनर’मधला कृत्रिम माणूस लिफ्टने वर निर्मात्याकडे जातो आणि आणखी आयुष्य मागतो. ‘एक्स माकिना’मधली कृत्रिम बाई एव्हा काही मागतच नाही, दार लावून निघून जाते. यंत्रांवरचे चित्रपट आता तुम्ही धडाधड काढणार. यंत्र किती ताकदवान झालं एवढंच त्यांत दाखवलंत, तर पुन्हा तीच गुन्हेगाराच्या मेंदूची बरणी उचलाल. ते कुणी घडवलं, कशासाठी घडवलं, आणि ते डोळे उघडत होतं तेव्हा घडवणारा कुठे होता, हे आधी विचारा.

माझी मागणी छोटी आहे. पटकथेचा पहिला खर्डा झाला की राक्षसाच्या तोंडून दोन पानं लिहा. ती चित्रित करू नका, कुणाला दाखवूही नका. त्याला काय हवंय, ते त्याने कुणाकडे मागितलं आणि त्याला काय उत्तर मिळालं, एवढंच त्यांत असू द्या. मग तीच दोन पानं राक्षस साकारणाऱ्या नटाला द्या, मेकअपला बसायच्या आधी. कार्लॉफला कुणी अशी पानं दिली नव्हती, तरी त्याच्या हातांना ती ठाऊक होती. सगळ्यांनाच कार्लॉफ मिळत नाही.

आणि श्रेयनामावलीत त्याच्यापुढे पुन्हा प्रश्नचिन्हच ठेवणार असाल, तर जरूर ठेवा. मी चित्रपट संपून दिवे लागेपर्यंत बसून राहते.

आपली,
भयपटांची एक जुनी प्रेक्षक